नवं व्हर्जन कधी घ्यायचं? टॉवेल कारखान्याच्या ऑफिससाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना. ऑफिसात आठ कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज १०. हिशेब, स्टॉक आणि जॉबवर्क (बाहेरच्यांकडून करून घेतलेलं काम) एकाच सॉफ्टवेअरमध्ये. ते बनवणाऱ्या कंपनीने मोठं नवं व्हर्जन काढलंय आणि ३१ मार्चच्या आत घ्या म्हणून रोज फोन येतोय. जेकार्डच्या (कापडात नक्षी विणायच्या यंत्रणेच्या) डिझाइनचा एक वेगळा कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर आहे. अण्णा म्हणतात, चालतंय ते चालू द्या. धाकटा भाऊ म्हणतो, एका रविवारी बसून सगळं नवं करून टाकू. कुणाचं ऐकावं?

रविवारी बसून सगळं नवं करू नका, आणि चालतंय म्हणून तसंच ठेवूही नका. तुमच्या प्रश्नात चार वेगळी कामं एकत्र आली आहेत. विंडोजचे सुरक्षेचे पॅच, म्हणजे छोट्या दुरुस्त्या, आठवड्याच्या आत घ्या. विंडोज ११ एकेका कॉम्प्युटरवर, दोन महिन्यांत पसरून करा. हिशेबाचं नवं व्हर्जन मार्चचं जीएसटी रिटर्न भरून झाल्यावर, म्हणजे २० एप्रिलनंतर, आणि तेही कॉपीवर चालवून बघितल्यावर. डिझाइनच्या कॉम्प्युटरला हात लावू नका, फक्त त्याचं इंटरनेट आणि नेटवर्क काढा. पुढे प्रत्येकाचं कारण देतो. कारण कळलं की पुढच्या वेळी दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरचा फोन आला तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

सोलापुरात कारखान्यांची, सूतवाल्यांची आणि दवाखान्यांची कॉम्प्युटरची कामं बरीच वर्षं करतोय. नवं काही घेताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: बिघडलं तर कालच्या स्थितीला परत येता येईल का? नवीन काय मिळणार हा प्रश्न नंतरचा. परत येणं जितकं अवघड, तितकं सावकाश जायचं.

विंडोजचा मासिक पॅच बिघडला तर काढून टाकता येतो. विंडोजचं मोठं व्हर्जन घेतलं तर पहिले १० दिवस मागे जायचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. पुढे जुन्या फायली आपोआप पुसल्या जातात आणि तो पर्याय संपतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं तसं नसतं. मोठ्या व्हर्जनमध्ये बहुतेक वेळा डेटा ठेवायची पद्धतच बदललेली असते. नव्या व्हर्जनने तुमची कंपनी एकदा उघडून डेटा बदलून घेतला की जुनं व्हर्जन तो वाचू शकत नाही. मग परत यायचं तर आदल्या दिवशीचा बॅकअप एवढाच आधार, आणि बॅकअपनंतर केलेल्या सगळ्या एंट्री गेल्या.

त्या एंट्री पुन्हा हाताने भरू, असं म्हणणं सोपं आहे. पण तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्हाला ई-इनव्हॉइस लागू आहे. नव्या व्हर्जनमधून काढलेल्या प्रत्येक बिलाचा आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) सरकारी पोर्टलवर नोंदला गेलाय आणि तो २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. ई-वे बिलाचंही तसंच. म्हणजे आठवड्याने जुन्या डेटावर परत आलात, तर ती सगळी बिलं त्याच नंबरने, त्याच तारखेने, त्याच रकमेने पुन्हा टाकावी लागतात आणि पोर्टलशी एकेक जुळवावी लागतात. मार्चअखेरीला माल लोड होत असताना हे काम दिवाणजींवर आणायचं नसतं. म्हणून ३१ मार्चच्या आत हे करायला माझा ठाम विरोध आहे. कंपनीच्या विक्रीखात्याला वर्षअखेर गाठायची असते. तुमची वर्षअखेर म्हणजे क्लोजिंग स्टॉक, जॉबवर्कवाल्यांकडे पडून असलेल्या सुताचा मेळ आणि बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट.

आता नवं व्हर्जन बिघडतंच का, याविषयी. बनवणारे निष्काळजी असतात म्हणून, असं मी सरसकट म्हणणार नाही. ते तपासतात, पण त्यांच्या ऑफिसातल्या स्वच्छ कॉम्प्युटरवर. तुमच्या ऑफिसात काय असतं ते बघा. चलन छापायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि कार्बनचा लांब कागद. कार्टनवर चिकटवायच्या लेबलसाठी बारकोड प्रिंटर. सूत वजन करायचा काटा जुन्या सिरियल पोर्टने जोडलेला. हजेरीचं बोटाचं मशीन. रिटर्नवर सही करायला डिजिटल सिग्नेचरचं टोकन, त्याचा वेगळा ड्रायव्हर. कामगारांच्या पगारपत्रकासाठी युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट आणि त्याचा कीबोर्ड. यातली प्रत्येक वस्तू एकेकटी कुठेतरी तपासलेली असेल. सहाही एकत्र, एकाच कॉम्प्युटरवर, पुण्या-बंगळुरात बसून कुणी तपासलेल्या नसतात. ती तपासणी पहिल्यांदा होते ती तुमच्या टेबलावर.

आणि बिघाड बहुतेक वेळा या कडेच्या वस्तूंमध्येच होतो. ९ मार्च २०२१ चा विंडोजचा मासिक पॅच आला तेव्हा क्योसेरा, रिको, झेब्रा यांच्या काही प्रिंटरवर प्रिंटची कमांड दिली की कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडायचा. झेब्रा म्हणजे लेबलवाले. ज्यांच्या सगळ्या कॉम्प्युटरवर तो पॅच एकाच रात्री बसला, त्यांना लेबल काढायला एकही कॉम्प्युटर उरला नाही. दुरुस्तीचा पॅच आठवड्याभरात आला. आठवडाभर थांबलेल्यांना मूळ त्रास झालाच नाही.

हे ऐकून अण्णा म्हणतील, म्हणूनच अपडेट बंद ठेवायचे. त्यांना २०१७ सांगा. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला नेटवर्कवरून फाइल शेअर करण्याच्या सोयीतलं एक मोठं भगदाड बुजवणारा पॅच दिला. १२ मे रोजी त्याच भगदाडातून वॉनाक्राय जगभर पसरलं आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागलं. बळी पडलेले बहुतेक कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते, पॅच न बसवलेले. पॅच येऊन जवळपास दोन महिने झाले होते.

त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचं दुसरं घातक सॉफ्टवेअर आलं. ते तुमच्या धंद्याच्या जास्त जवळचं आहे. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्येच शिरकाव केला होता, त्यामुळे ग्राहकांनी विश्वासाने घेतलेल्या अपडेटमधूनच ते आत आलं. मग त्याच जुन्या भगदाडातून आणि चोरलेल्या पासवर्डांवरून नेटवर्कभर पसरलं. जहाजवाहतूक करणारा मर्स्क समूह ठप्प झाला आणि न्हावा शेवाच्या जेएनपीटीत त्या समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनलही. परदेशी जाणारा माल ज्या बंदरातून निघतो तिथलं काम एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमुळे अडलं. त्या अपडेटमधून धोका आत आला हे खरं, आणि पॅच नसलेल्या कॉम्प्युटरवर त्याला पसरायला मोकळं रान मिळालं हेही खरं. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या तरच पुढचं धोरण नीट ठरतं.

धोरण असं: दुरुस्ती आणि नवं व्हर्जन यांत फरक करा. सुरक्षेचा पॅच ही दुरुस्ती. ती उशिरा घेण्यात धोका रोज वाढतो, कारण पॅच जाहीर झाला की भगदाड कुठे आहे ते हल्लेखोरांनाही कळतं. नवं व्हर्जन म्हणजे नव्याने लिहिलेला भाग. तो उशिरा घेण्यात धोका कमी होतो, कारण त्यातल्या चुका दुसऱ्यांकडे सापडून दुरुस्त होत जातात. व्हर्जनचा आकडा बघायची सवय लावा. ७.२ चं ७.२.३ झालं तर बहुधा दुरुस्ती. ७ चं ८ झालं तर थांबायचं. सगळ्या कंपन्या ही शिस्त पाळत नाहीत, काही जण मोठे बदल छोट्या आकड्याखाली घालतात, म्हणून आकड्याबरोबर बदलांची यादीही वाचायची.

थांबण्यात कमीपणा नाही. बनवणारेही थांबतात. उबुंटूचं लांब मुदतीचं व्हर्जन एप्रिलमध्ये येतं, पण आधीच्या लांब मुदतीच्या व्हर्जनवर असलेल्यांना ते लगेच सुचवलंच जात नाही. पहिली दुरुस्त आवृत्ती, म्हणजे शेवटी .१ असलेली, आल्यावर सुचवलं जातं. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, २४.०४.१ ऑगस्टमध्ये. मायक्रोसॉफ्टही एखाद्या ड्रायव्हरशी किंवा यंत्राशी भांडण आहे असं कळलं तर तशा कॉम्प्युटरना नवं विंडोज देणं स्वतःहून रोखून धरते. त्याला सेफगार्ड होल्ड म्हणतात. तुमच्या एखाद्या कॉम्प्युटरला नवं व्हर्जन दिसत नसेल तर पेन ड्राइव्हवरून जबरदस्तीने घालू नका. आधी का दिसत नाही ते शोधा.

पॅचसाठी तुमच्याकडे एवढंच करायचं. विंडोजचे मासिक पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री. एका कॉम्प्युटरवर ते लगेच बसू द्या. तो कॉम्प्युटर खऱ्या कामातला हवा, पण त्याच्यावाचून लोडिंग अडणारा नको. उरलेल्यांवर पाच ते सात दिवसांनी. विंडोज प्रो असेल तर हे पॅच ३० दिवसांपर्यंत आणि मोठं व्हर्जन ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलायची सोय असते. होममध्ये ती नसते, फक्त काही आठवडे थांबवायचं बटण असतं. धंद्यासाठी कॉम्प्युटर घेताना प्रो घ्या असं मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

एवढं सांभाळूनही एखाद्या दिवशी बिघडेलच, हे धरून चला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक बारीक फाइल जगभर एकाच वेळी गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नव्या माहितीत २१ रकाने अपेक्षित होते आणि प्रोग्रॅमला २० च मिळत होते. विसाव्याच्या पुढे बघायला गेला आणि कोसळला. ज्या ग्राहकांनी मोठी व्हर्जनं मुद्दाम उशिरा घ्यायची सेटिंग ठेवली होती त्यांच्याकडेही ती फाइल पोचली, कारण त्या फाइलला ती सेटिंग लागूच नव्हती. पुढे कंपनीने अशा फायलीही टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली. अँटिव्हायरसच्या रोजच्या फायली आपण रोखू शकत नाही आणि रोखूही नयेत. त्या दिवसासाठी लागतो तो बॅकअप, आणि तो उघडून बघितलेला बॅकअप.

यावर थोडं थांबतो, कारण सोलापुरात मला सर्वात जास्त काळजी याचीच वाटते. बहुतेक ऑफिसांत बॅकअप त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर असतो किंवा कायम खोचून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर. खंडणीवाला व्हायरस आला तर तोही कुलूपबंद. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, आलटून पालटून वापरा, एक कायम घरी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि कालचं शेवटचं बिल दिसतंय का ते बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर मी मोठं काम सुरू करत नाही, मालकांनी कितीही घाई केली तरी. यूपीएसची बॅटरीही त्याच दिवशी तपासा. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि व्हर्जन बदलताना सर्व्हर मध्येच बंद पडला, तर धड जुनं नाही धड नवं नाही अशी अवस्था होते.

आता विंडोज ११. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडले नाहीत, पण नवी भगदाडं बुजायची थांबली. त्यामुळे वर सांगितलेला मासिक पॅचचा क्रम विंडोज ११ झालेल्या किंवा वाढीव पॅच घेतलेल्या कॉम्प्युटरनाच लागू. वाढीव पॅच वेगळे घेता येतात, धंद्यांसाठी पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दर वर्षी दर दुप्पट होत जातो. एखाद्या अडलेल्या कॉम्प्युटरपुरतं ते ठीक, आठांसाठी नाही. विंडोज ११ येऊन, ५ ऑक्टोबर २०२१ पासून, बरीच वर्षं झाली. इथे थांबण्यात आता काही कमाई उरलेली नाही, भावाचं म्हणणं इथे पूर्ण पटतं.

आठही कॉम्प्युटर पात्र आहेत का ते आधी बघा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. न बसणाऱ्या कॉम्प्युटरवरही युक्तीने विंडोज ११ घालून देणारे भेटतील. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर ते करू देऊ नका. मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते की अशा कॉम्प्युटरना अपडेट मिळतील याची हमी नाही, म्हणजे ज्यासाठी बदलतोय तेच मिळणार नाही. ते दोन-तीन कॉम्प्युटर बदलायचे.

क्रम असा ठेवा. पहिला कॉम्प्युटर पॅचसाठी निवडलेलाच. त्यावर डॉट मॅट्रिक्सवर चलन, बारकोडचं लेबल, काट्याचं वजन, डिजिटल सिग्नेचरने लॉगिन, मराठी फॉन्टमधलं पगारपत्रक, सगळं एकदा करून बघा. पूर्ण एक पगार आणि एक रिटर्न त्यावरून गेलं की मग दोन-तीन. बिलिंगचा आणि सर्व्हरचा शेवटी. आणि नवीन येणाऱ्या सर्वात ताज्या विंडोज ११ च्या मागे धावायची गरज नाही. मोठं अपडेट दर वर्षी येतं आणि होम व प्रो दोन्हींना प्रत्येक अपडेटचा पाठिंबा २४ महिने असतो. एक पाऊल मागे राहून पॅच मिळत राहतात. दोन पावलं मागे राहू नका.

फायलींबद्दल एक सूचना. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट २ ऑक्टोबरला आलं आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट आणि फोटोंच्या फायली पुसल्या गेल्या. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, पण काही फायली जुन्या जागी राहिल्या होत्या, त्यांचं जुनं फोल्डर अपडेटने जास्तीचं समजून काढून टाकलं. आधी चाचणी घेणाऱ्या लोकांपैकी काहींनी ही तक्रार कळवली होती, पण ती ढिगात राहून गेली. दुरुस्त अपडेट १३ नोव्हेंबरला आलं. डी ड्राइव्हवर डॉक्युमेंट हलवून ठेवायची पद्धत आपल्याकडेही बरीच आहे. तेव्हा विंडोज बदलण्याआधी प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या फायली, फक्त सर्व्हरच्या नव्हे, बाहेरच्या डिस्कवर काढा.

हिशेबाच्या व्हर्जनकडे येतो. नव्या लॉटचं सूत आलं की तुम्ही थेट सगळ्या मागांवर बीम चढवत नाही. एका मागावर नमुना काढता, धुता, रंग बघता आणि कापड किती आकसतं ते बघता. इथेही तेच. एका सुट्या कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन टाका, त्यात बॅकअपची कॉपी उघडा, आणि तो कॉम्प्युटर नेटवर्कला जोडू नका, म्हणजे चुकून खरा डेटा उघडला जाणार नाही. ई-इनव्हॉइसची माहितीही त्यात खऱ्या पोर्टलची ठेवू नका. चाचणीची बिलं सरकारी पोर्टलवर गेली तर निस्तरणं अवघड जातं.

मग आकडे जुळवा. ट्रायल बॅलन्स जुळली की झालं असं पुष्कळजण समजतात. ती सहसा जुळतेच, कारण तिची तपासणी बनवणाऱ्यांनीही केलेली असते. आपल्या धंद्याचे आकडे वेगळीकडे फुटतात. सूत किलोत तीन दशांशांपर्यंत, टॉवेल डझनात आणि नगात, आणि दोन्हींचा मेळ वजनावर. नव्या व्हर्जनमध्ये वजन दोनच दशांशांवर गोल केलं जात असेल, तर एका चलनावर फरक दिसणार नाही. वर्षभराच्या जॉबवर्कमध्ये, सायझिंगवाला, डाइंगवाला, मागवाला, शिलाईवाली अशा प्रत्येक टप्प्यावर तो साठत जाईल आणि घटीचा हिशेब कुणाच्या तरी अंगावर येईल. शिलाई करणाऱ्या बाईच्या मजुरीतून एखाद्या सॉफ्टवेअरच्या गोल करण्याची भरपाई कापली जाऊ नये. म्हणून लॉटनिहाय शिल्लक, प्रत्येक जॉबवर्कवाल्याकडची शिल्लक, पार्टीनिहाय येणं आणि गेल्या महिन्याचा जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) हे चार रिपोर्ट जुन्या आणि नव्या दोन्हींतून छापा आणि शेजारी ठेवून वाचा.

त्यानंतर नव्या व्हर्जनमध्ये झालेला एखादा महिना पुन्हा भरून बघा. सगळा नको, दोन-तीन दिवसांची खरी बिलं, एक माल परत आलेला, एक दर बदललेला, एक रद्द केलेलं चलन. नेहमीच्या सरळ बिलात चुका सापडत नाहीत, परत आलेल्या मालात सापडतात. हे काम दिवाणजींकडूनच करून घ्या. भाऊ हुशार असेल, पण रोज दीडशे एंट्री करणाऱ्याच्या बोटांना जे खटकतं ते दुसऱ्याला खटकत नाही. एखादी शॉर्टकट की बदलली आणि त्यांचा वेग अर्धा झाला तर तीही सॉफ्टवेअरची उणीव आहे, तक्रारीत लिहा.

सगळं जुळलं की २० एप्रिलनंतरचा एखादा सोमवार किंवा मंगळवार धरा. मार्चचा जीएसटीआर-३बी (कर भरायचं मासिक रिटर्न) गेलेला असतो आणि पुढचा जीएसटीआर-१ ११ मेपर्यंत भरायचा असतो, म्हणजे मध्ये जवळपास तीन आठवडे मिळतात. रविवार नको, कारण अडलं तर कंपनीत फोन उचलायला कुणी नसतं. एप्रिल हुकला तर जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेचे दिवस चांगले. सोलापूर सुट्टीवर असतं, कॉम्प्युटर मोकळे असतात आणि पुण्या-मुंबईची ऑफिसं चालू असतात.

आता त्या फोन करणाऱ्या कंपनीला काय विचारायचं. एक, ३१ मार्चनंतर जुनं व्हर्जन बंद म्हणजे नेमकं काय? त्यात दुरुस्त्या मिळणार नाहीत, की लायसन्स चालणार नाही, की जीएसटीच्या नियमातले बदल येणार नाहीत? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि फोनवर त्या एकत्र करून सांगितल्या जातात. उत्तर ईमेलवर मागा. नियमाचे बदल जुन्या व्हर्जनमध्ये खरोखरच थांबणार असतील तर तारीख थोडी अलीकडे घ्यावी लागेल, तेवढं मी मान्य करेन. दोन, ज्ञात चुकांची यादी द्या. इथे कंपनीची परीक्षा होते. नव्या मोठ्या व्हर्जनमध्ये चुका नाहीत असं सांगणाऱ्यापेक्षा, या सात चुका माहीत आहेत आणि यातल्या चार पुढच्या महिन्यात दुरुस्त होतील असं लिहून देणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. कोरी यादी म्हणजे तपासलं नाही किंवा सांगायचं नाही. तीन, आमचा डेटा आम्हाला एक्सेलमध्ये पूर्ण बाहेर काढता येतो का? हे नवं व्हर्जन घेण्याआधी स्वतः काढून बघा.

आणि तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. सगळेच थांबले तर चुका सापडणार कुणाला? तुम्ही कॉपीवर चाचणी घ्याल तेव्हा जे सापडेल ते कंपनीला नीट कळवा: कोणत्या स्क्रीनवर, कोणती कळ दाबल्यावर, काय अपेक्षित होतं, काय आलं, सोबत स्क्रीनशॉट. "तुमचं सॉफ्टवेअर हँग होतंय" एवढ्याने काहीच दुरुस्त होत नाही. टॉवेलवाल्यांच्या जॉबवर्कमधली चूक तुम्ही कळवली नाही तर दुसरं कोण कळवणार? तुमच्या शेजारच्या चार कारखान्यांचंही त्यात भलं आहे.

राहिला डिझाइनचा कॉम्प्युटर. अण्णांचं म्हणणं इथे लागू आहे, पण एका अटीवर. जेकार्डचं ते जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (लायसन्ससाठी कॉम्प्युटरला खोचून ठेवायची किल्ली) नव्या विंडोजवर चालेलच असं नाही, आणि त्या कॉम्प्युटरचं काम डिझाइन काढून मागाला देणं एवढंच आहे. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला. म्हणून त्याची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि डिझाइन नेण्या-आणण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह ठेवा, तो दुसऱ्या कशालाही न वापरता, दर वेळी विंडोज ११ वाल्या कॉम्प्युटरवर तपासून. त्या कॉम्प्युटरवर कुणी मोबाइल चार्जिंगला लावू नये.

खरा धोका तिथे व्हायरसपेक्षा हार्ड डिस्कचा आहे. दहा-बारा वर्षं चाललेली डिस्क एक दिवस जाते, आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी तोवर कुणाकडे सापडत नाही. या आठवड्यातच त्या डिस्कची पूर्ण कॉपी, विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट, तशाच दुसऱ्या डिस्कवर करून घ्या. ती डिस्क त्याच कॉम्प्युटरमध्ये लावून एकदा सुरू करून बघा आणि एक डिझाइन मागापर्यंत नेऊन बघा. डोंगल एकच असेल तर दुसरं अजून मिळतं का ते विक्रेत्याला आजच विचारा. वरच्या सगळ्या कामांत हा फोन आधी करायचा आहे, कारण बाकी सगळं पैसे टाकून केव्हाही आणता येतं, ते डोंगल बनणं बंद झालं तर येणार नाही.